ब्रेक किंचाळतोय? पाना उचलण्याआधी आवाज ऐका

माझ्या मोटारसायकलचे पुढचे ब्रेक पॅड मी तीन महिन्यांत दोनदा बदलून घेतले. दोन्ही वेळा आवाज आठवडाभर गेला आणि पुन्हा आला. थांबायच्या शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये एक बारीक, लांबलचक चीं निघायची आणि पुढे चालणारी माणसं दचकून बाजूला व्हायची. तिसऱ्या वेळी मी स्वतः कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, उघडला. आतला पॅड एका टोकाला जवळजवळ नवा होता आणि दुसऱ्या टोकाला निम्मा झिजलेला, थेट पाचरीसारखा. कॅलिपर ज्या पिनवर मागेपुढे सरकतो ती पिन कोरडी पडून गंजली होती, हाताने ओढून हलत नव्हती. दोन्ही वेळचे नवे पॅड त्याच अडकलेल्या कॅलिपरमध्ये बसवले गेले होते.

पिन साफ करून ग्रीस लावायला अर्धा तास लागला. आवाज गेला तो गेलाच. ज्यांनी आजवर ब्रेकला हात लावलेला नाही, त्यांना हा फेरा पडू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. आधी डिस्क ब्रेक घेतो, शेवटी थोडं ड्रमबद्दल.

सुरुवातीला दोन मिनिटं आवाजामागचं कारण समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कवरून सलग घसरत नाही. तो क्षणभर पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. फरशीवरून जड टेबल ओढलं की ते थरथरत ओरडतं, तसंच हे. ही थरथर पॅड, डिस्क किंवा कॅलिपरला भिडली की तो भाग घंटेसारखा वाजू लागतो. म्हणजे इलाज दोनच जागी करता येतो. एक, जिथे पॅड डिस्कला घासतो तो पृष्ठभाग सुधारायचा. दोन, थरथरणारे भाग नीट धरून ठेवायचे, म्हणजे कंपन पुढे जात नाही. खाली जे काही करणार आहोत ते या दोनपैकी एकात बसतं.

१. आधी आवाज ओळखा

गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर न्या. आधी फक्त पुढचा ब्रेक लावा, मग फक्त मागचा. आवाज कुठून येतो हे बसल्या जागी कळत नाही, डोक्यावर हेल्मेट असेल तर नाहीच. त्यामुळे शक्य असेल तर कुणाला तरी रस्त्याच्या कडेला उभं करा आणि हळू वेगात त्यांच्यासमोरून ब्रेक लावत जा. मग पुढच्या गोष्टी ताडून बघा.

सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला किंवा गाडी धुतल्यानंतर करकर येते आणि मग बंद होते: डिस्कवर रात्रभरात धरलेला गंजाचा पातळ थर निघतोय. काही करू नका.

हळू वेगात, थांबता थांबता बारीक चीं येते, पण ब्रेक मात्र नीट लागतो: पॅड चकाकले असतील, धूळ बसली असेल, पिन कोरडी असेल किंवा पॅडमागची पत्री गायब असेल. घरी सुटणारं प्रकरण हेच.

ब्रेक न लावताही चालत्या गाडीत सूं-सूं किंवा टप्प्याटप्प्याने खस्-खस् येते: पिस्टन (कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे सरकत नाही किंवा डिस्क वाकलेली आहे.

आवाजाबरोबर ब्रेकची पकड कमी झाली आहे: पॅडवर तेल गेलं आहे. त्या गाडीवर लांब जाऊ नका.

खर्र्र असा धातूवर धातू घासल्याचा आवाज: पॅडचं मटेरियल संपून मागची लोखंडी पट्टी डिस्क खाते आहे. गाडी तिथेच उभी करा. हा आवाज आल्यावर आणखी दोन-चार दिवस गाडी चालवली, तर पॅडच्या जोडीला डिस्कही बदलावी लागते.

२. सामान

सगळं आधीच जवळ मांडून ठेवा. कॅलिपर लोंबकळत असताना दुकानात पळायची वेळ येऊ नये.

- तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल; निदान बोल्ट किती घट्ट करायचे तो आकडा आणि डिस्कची किमान जाडी
- बॉक्स पाना, ॲलन की, सपाट स्क्रू ड्रायव्हर, पक्कड
- टॉर्क पाना (नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, हे अंदाजाचं काम नाही)
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल
- जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, धागे न सुटणारी सुती फडकी
- १२० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर पॅडसाठी, ३२० नंबरचा डिस्कसाठी
- सिलिकॉन ग्रीस, ज्याच्यावर रबरी भागांसाठी आणि ब्रेकसाठी चालतं असं लिहिलेलं आहे
- पॅडच्या पाठीला लावायचं उष्णता सोसणारं सिरॅमिक ग्रीस
- हातमोजे, मास्क, चष्मा, आणि कॅलिपर टांगून ठेवायला तारेचा तुकडा

यादीत पेट्रोल, रॉकेल आणि गंज सोडवायचा स्प्रे नाही, हे लक्षात घ्या. ब्रेकच्या आसपास यातलं काहीही आणायचं नाही. पेट्रोल आणि रॉकेल मागे तेलकट पापुद्रा सोडतात आणि कॅलिपरमधले रबरी सील फुगवतात. साधं पिवळं ग्रीसही रबराला तसंच खराब करतं, म्हणून सिलिकॉनच घ्या.

३. न उघडता जे दिसतं ते आधी पाहा

टॉर्च घेऊन खाली बसा. कॅलिपरच्या मागच्या किंवा खालच्या फटीतून दोन्ही पॅड दिसतात. डिस्कला टेकलेला जो काळसर किंवा तांबूस थर दिसतो, तेच पॅडचं मटेरियल. बहुतेक पॅडमध्ये एक खाच असते. ती दिसेनाशी झाली म्हणजे पॅड संपला. खाच नसेल तर मी २ मिलिमीटर उरले की बदलतो. १ मिलिमीटरच्या खाली कुठलाच पॅड चालवू नये. दोन्ही पॅडची जाडी वेगळी दिसली, किंवा एकच पॅड वर-खाली असमान दिसला, तर खूश व्हा. तुम्हाला कारण सापडल्यात जमा आहे, ते पायरी ६ मध्ये आहे.

आता पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. बोटाला तेलाचं कडं लागलं तर ऑइल सील गळतंय, आणि ते तेल ओघळत कॅलिपरवर आणि डिस्कवर येतं. ते सील आधी बदलायचं. नाहीतर कितीही पॅड बदला, प्रत्येक पॅड त्याच तेलात भिजणार.

मागच्या चाकाचा गुन्हेगार बहुतेक वेळा चेन ल्युब असतो. एकदा मी घाईत चेनला स्प्रे मारला आणि चाकाच्या पलीकडे डिस्क आहे याचा विचारच केला नाही. फवाऱ्याचे बारीक थेंब आऱ्यांमधून थेट तिच्यावर गेले. पहिल्या दिवशी नुसता आवाज होता. तिसऱ्या दिवशी उतारावर मागचा ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी सरळ पुढे जात राहिली, आणि पुढच्या ब्रेकनेच मी वाचलो. तेव्हापासून चेनला हात लावायच्या आधी डिस्कवर पुठ्ठा आडवा धरतो. टायर चमकवायचा स्प्रेसुद्धा असाच डिस्कवर उडतो, तोही मी वापरायचा सोडला आहे.

४. कॅलिपर काढणं

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर हे काम करू नका, बोल्टला जोर लावताना गाडी अंगावर येते. नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबा, डिस्क चांगलीच चटका देते.

पॅड एका पिनवर अडकवलेले असतात. त्या पिनवर कधी छोटं टोपण असतं, कधी बारीक क्लिप. कॅलिपर गाडीला जोडलेला असतानाच ती पिन थोडी सैल करा. सुटा कॅलिपर हातात धरून ती घट्ट पिन काढणं फार त्रासाचं आहे. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर हळूच मागे ओढून डिस्कवरून सोडवा आणि तारेने टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. एबीएसची गाडी असेल तर चाकापाशी येणारी सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, तेही पाहा.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे: कॅलिपर डिस्कवरून निघालेला असताना ब्रेकचा लिव्हर कुणीही दाबायचा नाही. पिस्टन बाहेर येतो, कधी पूर्ण सुटून पडतो, आणि ब्रेक ऑइल जमिनीवर. शेजारी लहान मूल असेल तर ते पहिलं काम हेच करतं. मी लिव्हरच्या मागे लाकडाचा तुकडा घालून वर पट्टी बांधतो.

पॅड काढायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठे, पत्री कुठल्या बाजूला, पॅडचं कुठलं टोक वर हे आत्ता लक्षात राहील असं वाटतं. राहत नाही.

५. पॅड काय सांगतात

दोन्ही पॅड उजेडात धरा. चांगल्या पॅडचा पृष्ठभाग मॅट असतो, बारीक वाळूच्या दगडासारखा, आणि नख ओढलं की किंचित अडकतं. चकाकलेला पॅड तिरका धरला की आरशासारखी झाक मारतो, नख त्यावरून सरळ घसरतं. हलका हलका ब्रेक सतत लावत राहण्याच्या सवयीने किंवा लांब उतारावर पॅड तापल्याने असं होतं. नवे पॅड पहिल्याच दिवशी जोरात दाबले तरीही होतं.

तेल प्यायलेला पॅड वेगळा दिसतो. त्यावर गडद, ओलसर डाग असतात, बहुधा कडेने, आणि नाकाशी नेला तर तेलाचा वास येतो.

कडा फुटलेल्या, मटेरियल लोखंडी पट्टीपासून सुटायला लागलेलं, पॅडला मधून तडा गेलेला, यातलं काही दिसलं तर पुढे विचार करू नका, जोडी बदला. पॅड नेहमी जोडीनेच बदलायचे.

६. पिस्टन आणि पिन: इथे वेळ द्या

बहुतेक लोक, आणि घाईतले मेकॅनिकही, हीच पायरी गाळतात. माझे तीन महिने इथेच गेले होते.

एका बाजूलाच पिस्टन असलेला कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरावर संपूर्ण कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड पलीकडून ओढून घेतो. पिन अडकली की हे ओढून घेणं बंद होतं. मग पॅड तिरका टेकतो, एका कोपऱ्यावर सगळा भार येतो आणि तो कोपरा थरथरत ओरडतो. हाताने कॅलिपरचा कंस, म्हणजे या पिनांची चौकट, मागेपुढे ढकलून पाहा. तो अंगठ्याच्या जोराने लोण्यासारखा सरकायला हवा. अडखळला किंवा कचकच वाजला तर कंस पूर्ण ओढून बाहेर काढा. पिनांवरचं जुनं, घट्ट, काळं झालेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने काढा. पिनेवर खड्डे पडले असतील तर ती नवीच घ्या, कारण खड्ड्यात गंज परत धरतो. रबरी टोप्या फाटलेल्या नाहीत ना पाहा. फाटलेल्या टोपीतून पाणी शिरतं आणि दोन महिन्यांत तुम्ही परत इथेच बसलेले असता.

सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, पिन झाकली जाईल इतकाच. जास्त भरलं तर ग्रीस आणि हवा आत कोंडते आणि पिन उलट बाहेर ढकलली जाते. कंस परत बसवून पाच-सहा वेळा मागेपुढे करा. फरक हाताला लगेच कळतो.

दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये या पिना नसतात. तिथे सगळं लक्ष पिस्टनकडे.

पिस्टनच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर पॅडची धूळ चिकटून काळी साय बसते. साबणाचं पाणी आणि टूथब्रशने ती पूर्ण काढा, पिस्टनच्या मागच्या बाजूनेही. ब्रश पोहोचत नसेल तिथे फडक्याची पट्टी पिस्टनभोवती गुंडाळून दोन्ही टोकांनी ओढत फिरवा, बूट पुसतात तशी. ब्रेक क्लीनर थेट पिस्टनच्या सीलवर मारत बसू नका. धूळ तोंडाने फुंकू नका किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओली करून पुसा. जुन्या पॅडमध्ये आणि शूमध्ये (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणाऱ्या वाकड्या पट्ट्या) ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते नसलं तरी ही धूळ छातीत जायची वस्तू नाही.

साफ झाल्यावरच पिस्टन आत ढकला. साय तशीच ठेवून ढकलला तर ती सीलमध्ये जाते आणि पिस्टन अडकायला लागतो. ढकलताना जुना पॅड पिस्टनवर ठेवून हाताने किंवा सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. त्याच वेळी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा. तिच्याभोवती फडकं गुंडाळा, कारण ऑइल वर चढतं, आणि मध्ये कुणी डबी काठोकाठ भरली असेल तर बाहेर सांडतं. साधं ब्रेक ऑइल रंग उडवतं. टाकीवर थेंब पडला तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा.

हाताने जोर लावूनही पिस्टन हलत नसेल तर थांबा. आतला सील बदलायचं काम पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो. ब्रेक ऑइल बदलल्याने किंचाळी जात नाही. ते साधारण दर २ वर्षांनी बदलायचं कारण वेगळं आहे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रमाणाच्या ऑइलचा नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर किमान १५५. जरूर बदला, पण आवाजासाठी नको.

७. पॅड घासायचे की बदलायचे

जाडी शिल्लक आहे आणि पॅड फक्त चकाकला आहे: घासा. १२० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर किंवा सपाट फरशीवर पसरा, पॅड पालथा धरा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. कागद हातात धरून पॅडवर घासू नका, त्याने मधला भाग उंच राहतो. चकाकी गेली आणि सगळीकडे एकसारखा मॅट रंग आला की थांबा. मास्क लावायला विसरू नका.

पॅड घासताना त्याची पुढची कड, म्हणजे फिरणारी डिस्क जिथून पॅडखाली शिरते ती कड, तिरकी करून घ्या. साधारण ४५ अंशात, एक-दोन मिलिमीटर पुरे. धारदार कड डिस्कवर अडकून थरथर सुरू करते. मला विचाराल तर हळू वेगातल्या किंचाळीवर याइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय नाही. बरेच नवे पॅड मुळातच अशा उतरत्या कडेचे येतात.

तेल प्यायलेला पॅड टाकून द्या. गॅसच्या ज्योतीवर धरून तेल जाळायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पॅडचं मटेरियल लोखंडी पट्टीला चिकटवलेलं असतं, आणि वेडीवाकडी आच लागली की ती पकड सैल होते. वरचं तेल जळलेलं दिसतं, आतलं पुढच्या गरम ब्रेकला वर येतं. इतक्या जोखमीला अर्थ नाही.

नवे घेताना आधी मॅन्युअलमध्ये कुठल्या प्रकारचे सांगितलेत ते पाहा. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, मऊ लागतात आणि लवकर झिजतात. धातूची भुकटी भाजून बनवलेले सिंटर्ड पॅड पावसात आणि उष्णतेत चांगले टिकतात, पण आवाज जास्त करतात, आणि प्रत्येक डिस्कला ते मानवत नाहीत. पॅडच्या पाठीवर एफएफ, जीएफ, एचएच अशी दोन अक्षरं छापलेली सापडतात. पहिलं अक्षर पॅड कमी तापमानाला असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या पॅडच्या. अक्षर पुढचं तितकी पकड जास्त. एचएच घेतले म्हणजे चांगलेच घेतले असा समज आहे. लहान, हलक्या गाडीवर ते नुसते दातओठ खातात आणि ओरडतात.

८. डिस्क

डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर लहान लहान गोल फिरवत दोन्ही बाजूंवरची चकाकी हलकी मोडा. जुन्या पॅडचा थर डिस्कवर चिकटलेला असतो, तो नव्या पॅडला नको असतो. परत क्लीनरने पुसा, आणि त्यानंतर बोट लावू नका.

जाडीची मर्यादा डिस्कवरच कोरलेली असते, शेवटी मिलिमीटरमधला आकडा. मायक्रोमीटर किंवा व्हर्नियर मापकाने मोजताना डिस्कच्या बाहेरच्या काठावरचा न झिजलेला उंचवटा टाळा, नाहीतर माप खोटं येतं. वाकलीय का हे पाहायला चाक उचलून हळू फिरवा आणि एका जागी स्थिर धरलेल्या तारेच्या टोकापासून डिस्कचं अंतर बदलतंय का बघा. डोळ्याला सहज दिसेल इतकं बदलत असेल तर गाडी गॅरेजला न्या. मॅन्युअलमधली मर्यादा सहसा ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, ती डायल गेजनेच मोजतात.

९. पाठीमागची पत्री, स्प्रिंग आणि ग्रीस

पॅडच्या पाठीला काही गाड्यांत एक पातळ पत्री असते. पॅड आणि पिस्टन यांच्यामधलं कंपन गिळणं हेच तिचं काम. जुने पॅड फेकताना तीही त्यांच्याबरोबर जाते, आणि मग नवे पॅड पहिल्या दिवसापासून ओरडतात. सोडवून साफ करून परत लावा. वाकली किंवा गंजली असेल तर नवी घ्या. पॅड दाबून धरणारी स्प्रिंगही तशीच. ती ढिली पडली की पॅड खड्ड्यातून जाताना खळखळतो आणि ब्रेकला थरथरतो.

सिरॅमिक ग्रीस पॅडच्या लोखंडी पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, आणि पॅडचे कान जिथे सरकतात तिथे. बोटाने पसरल्यावर खालचं लोखंड झिरपून दिसावं इतकंच पातळ. पॅडच्या पुढच्या बाजूला किंवा डिस्कला चुकून लागलं तर क्लीनरने पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१०. जोडणी

फोटो बघत उलट क्रमाने जोडा. पॅड कॅलिपरमध्ये पूर्ण बसले आहेत, स्प्रिंग जागेवर आहे, मग डिस्कवर कॅलिपर चढवा. बोल्ट आधी हाताने दोन-चार फेरे फिरवा, मगच पाना लावा. कॅलिपरचे बोल्ट साधारण २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या घरात असतात, पण आकडा तुमच्याच मॅन्युअलचा घ्या. पॅडची पिन त्याहून कमी. सैल बोल्ट हेही आवाजाचं कारण असतं, आणि इथे तर जिवाचं.

आता गाडीवर बसायच्या आधी लिव्हर दाबा. पहिल्यांदा तो थेट हँडलला टेकेल, कारण पिस्टन आत ढकललेले आहेत. दाबत राहा, दहा-पंधरा वेळा, हाताला नेहमीसारखा कडकपणा लागेपर्यंत. हे न करता गाडी काढली तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. मागचा ब्रेक असेल तर पायाने तेच करा. डबीतली पातळी पाहा, झाकण लावा. गाडी हाताने ढकलून ब्रेक धरतो आणि सोडतो का ते तपासा. दोन्ही झालं की मगच इंजिन सुरू.

११. पॅड बसवून घेणं

नवे किंवा घासलेले पॅड पहिल्या १०० ते १५० किलोमीटरमध्ये पूर्ण पकडत नाहीत. पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, थांबू नका, परत वेग घ्या आणि अर्धा किलोमीटर गार होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पॅडचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पुढची शांतता त्यावर अवलंबून असते. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नका, त्या एका जागी थर जाड बसतो आणि दर फेऱ्याला तिथे धक्का लागतो.

परत आल्यावर हाताचा मागचा भाग डिस्कजवळ न्या, टेकवू नका. ब्रेक फारसा न वापरता एक किलोमीटर चालवूनही उष्णतेची झळ येत असेल तर पॅड घासत राहिलेत, पायरी ६ पुन्हा बघा.

१२. ड्रम ब्रेक असेल तर

चाक काढावं लागतं, बाकी तत्त्व तेच. मागच्या ब्रेकच्या आर्मवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो पट्टीवरच्या खुणेला टेकला तर शू संपले. चाक काढल्यावर आत पिठासारखी धूळ दिसेल. ती ओल्या फडक्याने टिपा. शू चकाकलेले असतील तर पॉलिश पेपरने हलके घासा, दोन्ही टोकांच्या कडा थोड्या उतरत्या करा, ड्रमच्या आतलाही चकाकता पट्टा मोडा. ड्रमचा कमाल व्यास आत छापलेला असतो. १३० मिलिमीटरच्या ड्रमला ही मर्यादा सहसा १३१ असते, त्यापुढे ड्रम बदलायचा.

शू उघडणारा कॅम बाहेर काढून पुसा आणि त्याच्या दांड्याला नखावर मावेल एवढंच ग्रीस द्या. जास्त दिलं तर उष्णतेने वितळून शूवर जातं. जोडल्यावर पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) ठेवा आणि चाक हाताने मोकळं फिरतंय ना पाहा. चाक आडवं हलवल्यावर खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं आहे, आणि आवाज त्याचाही असू शकतो.

१३. गॅरेजला नेत असाल तर

धातू घासल्याचा आवाज, न हलणारा पिस्टन, वाकलेली डिस्क, गळणारं ब्रेक ऑइल, किंवा लिव्हर दाबताना स्पंजासारखा लागणं, यातलं काही असेल तर स्वतः करू नका. पण तिथे गेल्यावर नुसतं "आवाज येतो" म्हणू नका. पुढचा की मागचा, थंड असताना की तापल्यावर, हळू वेगात की जोरात, पाऊस पडल्यावर वाढतो का, शेवटचे पॅड कधी बदलले हे सांगा. काढलेले जुने पॅड मागून घ्या आणि जाडी सगळीकडे सारखी आहे का ते तिथेच उजेडात बघा. पाचरीसारखे निघाले तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी कॅलिपरचा कंस तुमच्या समोर हाताने सरकवून दाखवायला सांगा.